वरच्या मजल्यावरचा डेल्मस गिलरी

डेल्मस गिलरीला आमच्या संघाने चार वेळा घेतलं आणि चारही वेळा नारळ दिला. त्या चारही वेळा त्याच्या नावाची पट्टी जर्सीवर मी शिवली आणि मीच उसवली. पाचव्या वेळचं सांगते पुढे.

मी बर्निस पाव्हलाक. बफेलोत आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामानखोलीत एकतीस वर्षं शिलाईचं काम केलं. फाटलेल्या जर्स्या, उसवलेल्या पँटी, आणि पाठीवरच्या नावांच्या पट्ट्या. लोकांना वाटतं, फुटबॉलपटू म्हणजे टीव्हीवर दात दाखवणारे आठ-दहा जण. माझ्या मशीनसमोरून गेले त्यातले निम्म्याहून जास्त असे होते, की त्यांची पट्टी शिवताना मी टाका जरा लांब घालायचे. उसवायला सोपा जावा म्हणून. डेल्मसची पहिली पट्टी मी लांब टाक्यांनीच शिवली होती.

तो आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. लुइझियानातल्या ओपलूससजवळच्या एका खेड्यातला, घरी भातशेती आणि झिंग्यांची तळी. कुणी नाव न ऐकलेल्या कॉलेजातून आलेला. ऑगस्टच्या शिबिरात नव्वद पोरं असतात, त्यातली त्रेपन्न राहतात. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसणारे, त्या वर्षी आठ होते आणि हा आठवा. उंचीने मध्यम, मांड्या मात्र ओंडक्यासारख्या. दोन पँटींना मला बाजूने उसवून कापड जोडावं लागलं. तो संकोचून म्हणाला, "मिस बर्निस, आमच्या घरात सगळ्यांचं असंच आहे. माझ्या आत्याच्या तर याहून मोठ्या आहेत."

"आत्याला पाठव मग," मी म्हटलं. "निदान एकदा शिवलं की टिकेल."

शिबिराच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो दारात उभा. हातात मोज्यांची चवड, प्रत्येक जोडी नीट घडी घातलेली.

"येतो मी, मिस बर्निस."

"कोचने बोलावलं?"

"हो. डावांची वही घेऊन ये म्हणाले."

वही घेऊन बोलावलं की नारळ मिळाला, एवढं सगळ्यांना कळतं. आमचा मुकादम वॉल्ट कोपऱ्यात हेल्मेट पुसत होता, त्याने मानही वर केली नाही. डेल्मसने मोजे टेबलावर ठेवले, पँट शिवल्याबद्दल आभार मानले आणि गेला. मग वॉल्ट म्हणाला, "सदतीस पोरं गेली आज. याच्याशिवाय मोजे कुणी परत दिले नाहीत."

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आमचे तीन रनिंग बॅक एका महिन्यात जायबंदी झाले. मंगळवारी बाहेरच्या पोरांना चाचणीला बोलावतात, त्यात डेल्मस होता. पाच जणांना पळवून पाहिलं, हा ठेवला. संघ दोन-चार दिवस हॉटेलात ठेवतो, मग ज्याचं त्याने बघायचं. पण पुढच्या मंगळवारी असेल की नसेल अशा माणसाला घर देणार कोण? माझ्या घराचा वरचा मजला रिकामा होता. नवरा एड गेल्यापासून वर पाऊल ठेवायला मला नको वाटायचं. मी म्हटलं, "ये. जोवर आहेस तोवर राहा."

तो सात आठवडे राहिला. सकाळी जिन्यावरून बूट हातात घेऊन उतरायचा, माझी झोप मोडू नये म्हणून. मी तर त्याच्या आधी तासभर उठलेली असायचे, पण ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

सातव्या आठवड्यात घोटाळा झाला. रनिंग बॅकचं काम नुसतं पळायचं नसतं. आपला क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकतो तेव्हा समोरून जो कोणी त्याच्यावर धावून येईल त्याला आडवं जायचं असतं. डेल्मस डावीकडे बघत राहिला आणि माणूस आला मधून. आमच्या क्वार्टरबॅकच्या दोन बरगड्या गेल्या. स्टेडियममध्ये अशी शांतता पसरली, की मला कडेला उभं राहून डेल्मसच्या हेल्मेटच्या पट्ट्याचा आवाज ऐकू आला.

मंगळवारी वही घेऊन बोलावणं आलं. घरी येऊन तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. मी कोबीची पानं उकडत होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

बॅक लोकांचे कोच हार्लन टेट म्हणून होते, सत्तरीचा म्हातारा, बोलायचा कमी. "ते म्हणाले, गिलरी, पळणारे मला पेट्रोल पंपावरही सापडतील. समोरच्याला अडवून उभा राहणारा सापडत नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? खरंच आहे ते." तो थोडा वेळ बोटाने टेबलावरच्या पिठात रेघा काढत बसला. मग म्हणाला, "मी लहानपणापासून पळतोच आहे, मिस बर्निस. उभं राहायला कुणी शिकवलंच नाही."

त्या दिवशी त्याने कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे अकरा गोळे खाल्ले. मला वाटलं, चला, पोरगा मोडलेला नाही.

मधल्या काळात तो क्लीव्हलँडला होता, मग वसंतात चालणाऱ्या एका छोट्या लीगमध्ये, जी जूनमध्ये बुडाली. ऑगस्टात पुन्हा आमच्याकडे. टेट कोचनीच नाव सुचवलं होतं म्हणे. या खेपेला त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा कागद जास्त. पुठ्ठ्याची तीनेकशे कार्डं, प्रत्येकावर समोरच्या संघाची मांडणी, स्वतः पेनाने काढलेली. मला म्हणाला, "कुणीतरी दाखवत गेलं पाहिजे. मी तीन मोजायच्या आत सांगायचं, कोण येणार."

मी म्हटलं, "मला चष्मा लागतो. त्या चिमुकल्या फुल्या दिसत नाहीत मला."

मग आम्ही टेबलावर बरण्या मांडल्या. बचावातला मधला माणूस, त्याला ते लोक 'माइक' म्हणतात, ती काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी. एका बाजूचा 'सॅम', म्हणजे मोहरीची. दुसऱ्या बाजूचा 'विल', मिठाची. मी पिएरोगीचं, म्हणजे आमच्या पोलिश करंज्यांचं, पीठ मळायचे आणि मध्येच कोपराने एखादी बरणी पुढे ढकलायचे. तो जागचा उठून तिच्यासमोर उभा राहायचा, पाय रुंद करून, गुडघे वाकवून. चुकला की मी ओरडायचे. महिनाभरात मला इतकं कळायला लागलं, की रविवारी टीव्हीवरच्या सामन्यात समालोचकाच्या आधी माझ्या तोंडून निघायचं.

शेजारी लोरेन राहते. आमच्या खिडक्या समोरासमोर. एक दिवस ती कुंपणापाशी आली, चेहरा गंभीर.

"बर्निस, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"हा माइक कोण?"

"कुठला माइक?"

"रोज दुपारी ओरडतेस ना, माइक आला, माइक आला! काल तर म्हणालीस सॅमपण येतोय, आणि विल मागेच थांबलाय." तिने आवाज खाली आणला. "एडला जाऊन दोन वर्षं होतात, तू एकटी आहेस, मला समजतं. पण एकदम तिघं?"

मी हसून हसून कुंपण धरून खाली बसले. डेल्मसला सांगितलं तर तो लाजून दोन दिवस मागच्या दाराने गेला.

त्या वर्षी तो राहिला. खेळायचा कमी, सामन्यात सात-आठ वेळा मैदानात यायचा, तेही बहुतेक अडवायला. डिसेंबरातला सामना मला अजून दिसतो. बर्फ पडत होता, रेघा दिसत नव्हत्या, झाडूवाले सारखे धावत होते. सामन्याच्या दिवशी मी बोगद्याच्या तोंडाशी सुईदोरा घेऊन उभी असायचे. चार गुणांनी मागे, चार मिनिटं राहिलेली, आणि आमचा क्वार्टरबॅक कॉडी ब्रँट, तोच बरगड्यावाला, मागे सरकला. समोरचा मधला माणूस पाय घासत घासत डावीकडे सरकला होता, पण त्याचे डोळे मधल्या फटीवर होते. मी सुई टाकली आणि ओरडले, "माइक! मधून!" साठ हजार माणसांत माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? डेल्मसला ऐकायची गरजही नव्हती. तो आधीच निघाला होता. त्या माणसाच्या छातीखाली तो असा शिरला की दोघेही जागीच उभे राहिले, दाराला दार टेकावं तसे. एक क्षण, दोन क्षण. तेवढ्यात कॉडीने चेंडू फेकला.

सगळं स्टेडियम चेंडूमागे वळलं. तो कुणी झेलला, कसा झेलला, मी नंतर टीव्हीवर पाहिलं. मी डेल्मसकडे बघत होते. तो बर्फात उताणा पडला होता, ओठातून दात आरपार, आणि गर्दीचा आवाज ऐकून दोन्ही हात वर करून पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होता.

सोमवारच्या पेपरात फेकणाऱ्याचा फोटो होता, झेलणाऱ्याचा होता. डेल्मसचं नाव कुठे नव्हतं. दुपारी कॉडी ब्रँट सामानखोलीत आला. एरवी तो आमच्याकडे फिरकायचा नाही. वॉल्टसमोर उभा राहून म्हणाला, "गिलरीला कुठे जाऊ देऊ नका."

वॉल्ट म्हणाला, "बाबा रे, मी हेल्मेट घासतो. मला काय विचारतोस?"

"नाही, तरी सांगून ठेवतो. भेटेल त्याला सांगतोय मी."

त्या आठवड्यात मी त्याची पट्टी काढून पुन्हा शिवली. बारीक टाक्यांनी.

दुसऱ्या हंगामात त्याची बायको इव्हेट आली, तीन वर्षांच्या सिमोनला घेऊन. इव्हेट बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी माझं सूप चाखून म्हणाली, "मिस बर्निस, तुम्ही आजारी आहात का? यात तिखट कुठे आहे?" मग तिने माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात आपला गंबो, म्हणजे त्यांच्याकडचं झणझणीत कालवण, केला, भाताबरोबर. मला घाम फुटला, नाक वाहिलं, आणि मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. दोघी मिळून आम्ही त्या हिवाळ्यात वॉल्टचं वजन चौदा पौंडांनी वाढवलं. सिमोन माझ्या मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. ते वर्ष माझ्या घराला चांगलं गेलं.

मग टेट कोच निवृत्त झाले, नवे आले, त्यांना नवी माणसं हवी होती. डेल्मस वरून खाली आला तो बॅगा घेऊनच. इव्हेट माझ्या गळ्यात पडून रडली. तो तिला म्हणाला, "अगं, मेलो नाही मी. जॅक्सनव्हिलला चाललोय. तिथे थंडी नाही."

त्यानंतर जॅक्सनव्हिल, कॅन्सस सिटी, डेट्रॉइट, ॲरिझोना, मध्ये एक हंगाम कॅनडात. मोजली तर नऊ गावं झाली. कधी सगळा हंगाम, कधी अकरा दिवस. कुटुंब लुइझियानात, हा फिरतीवर. दर रविवारी सामना नसेल तर फोन करायचा. एकदा मी विचारलंच, "कंटाळत नाहीस? दर वेळी नवी खोली, नवी वही, नवी माणसं?"

"पहिले तीन दिवस जड जातात," तो म्हणाला. "मग मी आधी न्हावी शोधतो. न्हाव्याला विचारतो, चर्च कुठलं बरं? चर्चमध्ये म्हाताऱ्या बायकांना विचारतो, भात चांगला कुठे मिळतो? तेवढं झालं की गाव आपलं."

"आणि काढून टाकलं की?"

"न्हाव्याला सांगून निघतो. त्याला वाईट वाटतं. मलाही वाटतं. पण मिस बर्निस, आमच्या खेड्यातून निघालेल्या कुणी नऊ गावचा भात खाल्लाय का?"

मला त्याच्या बोलण्यात कुढणं शोधायची सवय होती, कारण त्याच्यासारखे कुढणारे मी खूप पाहिले. एकाने तर जाताना माझी कात्री भिंतीवर फेकली होती. डेल्मसमध्ये ते सापडलं नाही. दुखणी होती. उजवा गुडघा दोनदा कापलेला, करंगळी कायमची वाकडी. पण त्याला विचारलं की तुझं काम काय, तर तो ताठ बसून सांगायचा, "मी अडवतो."

बत्तिसाव्या वर्षी तो चौथ्यांदा आमच्याकडे आला, पाच आठवड्यांपुरता. दाढीत दोन-चार पांढरे केस. वरच्या मजल्यावर राहिला, पण आता बूट हातात घेऊन उतरून उपयोग नव्हता, गुडघाच आवाज करायचा. पाच आठवड्यांनी वही घेऊन बोलावलं, तेव्हा त्याने जाता जाता सामानखोलीत सगळ्यांशी हात मिळवले, वॉल्टशी दोनदा. अकरा हंगाम, एकशे सत्त्याऐंशी वेळा चेंडू घेऊन धाव, आणि तीन टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेघेपार. तिन्ही रेघेपासून जेमतेम एका यार्डावरून. मी म्हटलं, "तीनच?" तर म्हणाला, "चौथं मिळालं असतं, पण पंचांनी पाय बाहेर धरला. अजून मला वाटतं आत होता."

आणि आता पाचवी वेळ. पुढच्या नोव्हेंबरात आमचे बॅक पुन्हा एकापाठोपाठ एक जायबंदी झाले. सोमवारी वॉल्ट सांगत आला, "बर्निस, पट्टी तयार कर. गिलरी येतोय उद्या. पस्तीस नंबर." मी हातातलं काम सोडून नावाची आठ इंग्रजी अक्षरं कापली, शिवली. घरी जाऊन वरचा मजला झाडला, खिडक्या उघडल्या, पलंगावर स्वच्छ चादर घातली आणि कोबीच्या गोळ्यांचं मोठं भांडं चढवलं. पाचाच्या सुमाराला फोन.

"मिस बर्निस, पट्टी शिवली का?"

"शिवली की. कितीचं विमान आहे?"

"उसवा."

मी भांड्याखालची आच बंद केली. "कुणी पळवलं तुला? डेट्रॉइटने?"

"सिमोनने." त्याचा आवाज हसरा होता. "शनिवारी तिच्या शाळेच्या बँडची स्पर्धा आहे. यंदाच ट्रॉम्बोन हातात आलाय, तो दांडी पुढेमागे सरकवायचा पितळी बाजा. पोरीचा हात पुरा लांबत नाही, शेवटचा सूर पायाने ढकलल्यासारखा काढते. मी हो म्हणून बसलो होतो फोनवर. बॅगही काढली. ती दारात उभी राहून बघत होती. तिला सवयच आहे ना. तेच मला बघवेना."

"मग?"

"मग मी परत फोन केला आणि नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. कोचनी विचारलं, का? मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, काय वाजवते?"

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. आठ अक्षरं, एवढी झाडलोट, बोटभर धूळ काढली होती मी. मग हसू आलं. अकरा वर्षं ज्याला सगळे नाही म्हणत आले त्याच्या तोंडून नाही ऐकायला बरं वाटलं. "आणि इव्हेट काय म्हणाली?"

"म्हणाली, बॅग आत ठेव, वाटेत लागतेय."

गोळे मी, वॉल्टने आणि लोरेनने संपवले. बँडचा चौथा नंबर आला. पाच बँड होते.

ईस्टरला त्यांनी मला बोलावलं. सिमोनला पक्कं कॅथलिक करायचा विधी होता आणि तिने हट्ट धरला होता, की सोबतीला उभी राहणारी बाई मीच. झगा मी इथून शिवून नेला. चर्चमध्ये पोलिश बाई एकटी मीच, पण उभं कधी राहायचं आणि गुडघे कधी टेकायचे हे सगळीकडे सारखंच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भागातली घोड्यांची मिरवणूक होती. शे-दोनशे घोडे, मागे ट्रॅक्टरला जोडलेल्या गाड्या, एका गाडीत अकॉर्डियन वाजतोय, दुसरीत डुकराचं सॉसेज भाजतायत. मला डेल्मसच्या आईशेजारी बसवलं. मिस लिओना, तिकडे लग्न झालेल्यांनाही मिसच म्हणतात, साठीला टेकलेली, डोक्यावर जांभळी टोपी.

मी विचारलं, "तुम्ही कधी आला होतात का सामन्याला?"

"एकदाही नाही," त्या म्हणाल्या. "टीव्हीवर बघायचे. तेही तो पडला की डोळे मिटायचे. माझी बहीण सांगायची, लिओना, उठला. मग उघडायचे."

गाडीशेजारून डेल्मस घोड्यावरून चालला होता. आता तो तालुक्याच्या रस्त्यांच्या कडेचं गवत कापतो ट्रॅक्टरवरून, आणि दुपारी शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. पोट सुटलंय थोडं. पलीकडच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्याने त्याच्याकडे बोट करून विचारलं, "लिओना, हा तुझा थोरला ना? बरीच वर्षं दिसला नाही."

"बाहेरगावी कामाला होता," मिस लिओना म्हणाल्या, आणि माझ्या ताटलीत आणखी एक सॉसेज वाढलं.

थांब्याच्या जागी त्याला घोड्यावरून उतरताना दोघांनी धरलं, कारण उजवा गुडघा वळेना. तो स्वतःच सगळ्यात जास्त हसत होता. मग चिंचोक्याएवढ्या डोळ्यांची, त्याच्यासारख्याच मांड्यांची एक बाई गर्दीतून आली आणि तिने मला कडकडून मिठी मारली. ती आत्या होती. तिने लगेच विचारलं, तिच्यासाठी एक पँट शिवून देता येईल का. मी माप घेतलं.